ग्रेमलिन: मेकॅनिकसमोर गप्प बसणारं भूत

माझी गाडी सकाळी चालू केली की बोनेटमधून चिरकायची, आणि गॅरेजला नेली की एकदम शहाणं बाळ. तीनदा हेलपाटा झाला, तिसऱ्यांदा तर मेकॅनिक माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. असल्या बिघाडाला आपण 'भुताटकी आहे राव' म्हणून मोकळे होतो, ब्रिटिश वैमानिकांनी त्या भुताला नावच देऊन टाकलं होतं, ग्रेमलिन.

हा शब्द रॉयल एअर फोर्सच्या बोलीतला. 1929 साली एका विमानविषयक नियतकालिकातल्या कवितेत तो छापलेला सापडतो. कुठून आला यावर एकमत नाही, चिडवणे-सतावणे अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाशी काहीजण त्याचं नातं जोडतात. गाजला मात्र दुसऱ्या महायुद्धात. रोआल्ड डाल, जो पुढे मुलांचा लाडका लेखक झाला, तो स्वतः फायटर पायलट होता आणि त्याने 1943 मध्ये ग्रेमलिनवर पुस्तक काढलं, त्यामुळे शब्द त्यानेच शोधला असं बरेच लोक समजतात. पण तो त्याच्या आधीपासून होता.

आता गंमत बघा, ही भुतं उंचावरच जास्त का भेटायची? 30,000 फुटांवर तापमान साधारण उणे 44 अंश. विमानाचा वेग मोजायला बाहेर एक बारीक नळी असते, पिटो ट्यूब म्हणतात तिला, समोरून येणाऱ्या हवेचा दाब ती काट्यापर्यंत पोचवते. तिच्या तोंडाशी बर्फ धरला की काटा वाट्टेल ते दाखवणार. गारठ्याने ग्रीस घट्ट होतं, काचेवर आतून दव गोठतं. पायलट कसाबसा खाली येतो, तक्रार लिहितो, आणि तोवर बर्फ वितळून गेलेला! मेकॅनिक तपासतो, सगळं ओके. म्हणजे पायलट खोटा नाही, मेकॅनिकही कामचुकार नाही, मग दोष कुणाचा? ग्रेमलिनचा. भांडण मिटलं.

आणि कधीकधी बिघडलेलं यंत्र म्हणजे पायलटचं डोकंच असायचं. त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीच्या जेमतेम 30 टक्के, ऑक्सिजनचा मास्क नीट बसला नसेल तर एक-दोन मिनिटांत माणूस कामातून जातो. वाईट म्हणजे त्याला ते कळतच नाही, उलट मस्त वाटत असतं, आणि भलतंच बटण दाबलेलं आठवतही नाही.

याउलट स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं बघा. विमानाचं नाक झटकन खाली केलं की इंजिन आचके द्यायचं, कारण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं. हे हटकून व्हायचं, त्यामुळे कारण सापडलं, आणि 1941 मध्ये बिआट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईंनी वॉशरसारखी भोकाची छोटी पितळी चकती बसवून जादा पेट्रोल आवरलं. हवं तेव्हा पुन्हा करून दाखवता येणारा बिघाड भुताच्या नावावर फार दिवस राहत नाही.

युद्धानंतर अर्थ सैलावत गेला. 1984 च्या हॉलिवूड सिनेमाने तर ग्रेमलिनला पाणी लागलं की पिल्लं होणारा प्राणीच करून टाकलं, विमानाशी नातं जवळपास तुटलंच म्हणा ना. तरी आजही रेसिंगच्या कॉमेंट्रीत एखादी कार मध्येच बंद पडली की 'इलेक्ट्रिकल ग्रेमलिन' ऐकू येतो, म्हणजे वायरिंगमध्ये कुठेतरी काहीतरी झालंय, पण नेमकं काय ते अजून कुणालाच सापडलेलं नाही.

माझ्या गाडीचं शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने केलं. म्हणाला, रात्रभर इथेच ठेवा. सकाळी गार इंजिन त्याने स्वतः चालू केलं, चिरकलं. फॅन बेल्ट. घरून गॅरेजला पोचेपर्यंत तो रोज गरम होऊन गप्प होत होता.