मुंबई बेटावरील उत्तुंग इमारती

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात १९६०च्या सुमारास उंच इमारती उभ्या राहू लागल्या आणि आज त्यांनीच दक्षिण व मध्य मुंबईचे क्षितिज व्यापले आहे. महानगर विरार, कसारा, कर्जत, पनवेलपर्यंत पसरले, तरी कचेऱ्या आणि महागडी घरे बेटावरच एकावर एक चढवत राहायची का, हा या इमारतींभोवतीचा मूळ वाद. इमारत किती उंच असावी, यापेक्षा तिच्या पायथ्याशी असलेले स्टेशन, रस्ता आणि मोकळी जागा तो भार पेलतात का, हे त्यात जास्त महत्त्वाचे आहे. मुंबईच्या नियोजनात नेमकी हीच बाब वारंवार मागे पडली.

रहिवासी टॉवरांमध्ये १९६१च्या सुमारास कार्मायकल रोडवर उभी राहिलेली 'उषाकिरण' ही पहिल्या काही इमारतींपैकी एक. कचेऱ्यांचे टॉवर आले ते बॅकबेच्या, म्हणजे समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर, नरिमन पॉइंटला. एक्स्प्रेस टॉवर्स आणि एअर इंडिया या इमारती १९७०च्या दशकातल्या मुंबईची ओळख ठरल्या. हा भराव चालू असतानाच, १९६५ साली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून वेगळी दिशा सुचवली होती. सकाळी सारे शहर दक्षिणेला धावते आणि संध्याकाळी उत्तरेला परतते; तेव्हा खाडीपलीकडे दुसरे केंद्र उभारा, सरकारी कचेऱ्या तिकडे न्या, म्हणजे रोजगारही तिकडे जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून १९७० साली नवे शहर उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबई वसली. सरकार मात्र हलले नाही. मंत्रालय जागेवर राहिले आणि १९८१ साली नवे विधान भवनही नरिमन पॉइंटलाच झाले. मंत्री-सचिव जिथे बसतात तिथेच कंपन्यांना मुख्य कचेरी हवी असते, त्यामुळे नव्या केंद्राचे पाय सुरुवातीलाच लंगडे पडले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाने कचेऱ्यांचा बराच भार उत्तरेकडे ओढला.

या साऱ्या कहाणीचा सर्वांत क्लेशकारक भाग गिरणगावाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा भागातली सुमारे ६०० एकर जमीन विकासाच्या रेट्यात आली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ने ढोबळमानाने या जमिनीचे तीन वाटे केले: एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. सगळ्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा करण्यासाठी १९९६ साली कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. पण २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची करण्याऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची, असे ठरले. गिरणीच्या आवारात शेड असायच्याच, त्यामुळे शहराच्या वाट्याला फार थोडे उरले. या दुरुस्तीविरुद्ध उच्च न्यायालयात पर्यावरणवादी जिंकले, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. मुंबईला पुन्हा कधीही न मिळणारी मोकळी जागा तेव्हा हातची गेली.

मग प्रत्येक आवारात ज्याचा त्याचा टॉवर उभा राहिला. गिरणी कामगार आसपासच्या चाळीतून पायी कामावर यायचा. नव्या कचेऱ्यांतले कर्मचारी मात्र डोंबिवली, विरार, पनवेलहून लोकलने येऊ लागले. स्टेशने, जिने आणि गल्ल्या गिरण्यांच्या काळातल्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसामुळे एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पुलावरच्या गर्दीबद्दल प्रवासी कित्येक वर्षे ओरडत होते. पुढच्याच वर्षी लष्कराने तिथे नवा पूल काही महिन्यांत बांधून दिला. तो आधीही बांधता आला असता.

उंचीच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद हलका नाही. मुंबईने चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, दीर्घकाळ फार कमी ठेवला; १९९१च्या नियमावलीत तो बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ होता. यामुळे घरे टंचाईची व महाग झाली आणि सामान्य माणूस दूर फेकला गेला, असे अलें बर्तो यांच्यासारखे नगर-अर्थतज्ज्ञ सांगतात. शिरीष पटेल यांनी याला सातत्याने उत्तर दिले: भूखंडावर किती बांधले हे एकटे पाहून चालत नाही, त्या वस्तीत माणशी रस्ता आणि मैदान किती उरते हेही मोजावे लागते.

मुंबईत तर मजले वाढले म्हणून माणसे वाढली, असेही झाले नाही. बेटाची लोकसंख्या २००१ साली सुमारे ३३.४ लाख होती, ती २०११ साली ३०.९ लाखांवर आली; टॉवर याच काळात सर्वाधिक वेगाने उभे राहत होते. चाळीच्या एका खोलीत पाच-सहा माणसे राहत. आलिशान टॉवरमध्ये तेवढीच माणसे अख्ख्या मजल्याचा मोठा भाग व्यापतात, आणि खालचे कित्येक मजले नुसत्या गाड्यांसाठी असतात. उंची आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्वच्छ दिसते.

म्हणून वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींचा पुनर्विकास वेगळा मोजायला हवा. १९२०च्या दशकातल्या या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार झाले. तिथल्या कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ४० मजली इमारतींतील पहिल्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. जुन्या रहिवाशाला बेटावरच ठेवणारी उंची समर्थनीय आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून वरळीमार्गे कफ परेडपर्यंत धावू लागल्याने प्रवासाचा प्रश्नही थोडा सैल झाला. लिफ्ट, पंप आणि अग्निशमन यंत्रणेचा मासिक देखभाल खर्च मात्र चाळीच्या भाड्याच्या कैक पट असतो. पुनर्वसन इमारतींतली कुटुंबे घर विकून बाहेर पडतात, त्यामागे अनेकदा हा खर्चही असतो.