डिग्रीज ऑफ फ्रीडम ९.५ कसे? आमच्या टी-चाचणीविषयी

आमच्या अहवालात डिग्रीज ऑफ फ्रीडमपुढे (म्हणजे अनिश्चिततेच्या अंदाजामागे किती स्वतंत्र माहिती आहे, त्या आकड्यापुढे) ९.५ असा अपूर्णांक दिसला की ग्राहक विचारतात, ‘छपाईत चूक झाली का?’ नाही. तो वेल्च टी-चाचणीचा आकडा आहे. दोन स्वतंत्र गटांच्या सरासरींची तुलना असेल, तर आम्ही सहसा हीच चाचणी लावतो.

पाठ्यपुस्तकातली नेहमीची स्टुडंट टी-चाचणी दोन्ही गटांचा व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, सारखाच आहे असं धरून चालते आणि दोन्हींचा मिळून एकच आकडा काढते. बर्नार्ड वेल्च यांनी १९४७ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक गटाचा व्हेरियन्स वेगळा राहतो.

यानं किती फरक पडतो ते आकड्यांतच पाहा. एका गटात १० नोंदी, प्रमाण विचलन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) १२. दुसऱ्यात ४० नोंदी, प्रमाण विचलन ४. सरासरींत फरक ५. स्टुडंट चाचणीत ४० नोंदींचा शांत गट भारी पडतो आणि छोट्या गटाचा विस्कळीतपणा झाकला जातो: टी (सरासरींतला फरक भागिले त्याची अनिश्चितता) २.२४, डिग्रीज ऑफ फ्रीडम ४८, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.०३, नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेखाली. म्हणजे ‘फरक सिद्ध’! वेल्चमध्ये १४४ भागिले १० अधिक १६ भागिले ४० म्हणजे १४.८, त्याचं वर्गमूळ ३.८५; टी १.३०, पी-व्हॅल्यू ०.२२. आणि ४८ चे झाले ९.५, कारण इथली जवळजवळ सगळी अनिश्चितता त्या १० नोंदींतून येते. डेटा तोच, निष्कर्ष उलटा.

मोठा गट जास्त विखुरलेला असेल तर स्टुडंट चाचणी दुसऱ्या टोकाला जाते, खरा फरकही तिच्या हातून निसटू शकतो. दोन्ही गटांत नोंदी सारख्याच असतील तर टी दोन्हीकडे एकच येतो, बदलतात फक्त डिग्रीज ऑफ फ्रीडम.

‘आधी लेव्हीन चाचणी (दोन गटांचे व्हेरियन्स सारखे आहेत का, हे तपासणारी) लावून मग ठरवा’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला असेलच. आम्ही तसं करत नाही. नोंदी थोड्या असल्या की लेव्हीनला फरक दिसत नाही, भरपूर असल्या की क्षुल्लक फरकही दिसतो; शिवाय त्याच डेटावरून चाचणी निवडली की चुकीच्या निष्कर्षाची जी शक्यता आपण ५ टक्के धरतो, ती ५ टक्के राहत नाही. व्हेरियन्स खरोखर सारखे निघाले तरी वेल्चमुळे जाणारं फारसं काही नसतं.

स्वतः पडताळायचं असेल तर ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये वेल्च आपोआप लागते. एक्सेलच्या टी-टेस्ट सूत्रात शेवटचा आकडा २ नव्हे, ३ द्या. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या तक्त्यात दुसरी ओळ वाचा. पायथनच्या सायपाय या लायब्ररीत मात्र समान व्हेरियन्स गृहीत धरलेला असतो, तो पर्याय बंद करावा लागतो.

वेल्चसाठी सरासरी, प्रमाण विचलन आणि नोंदींची संख्या एवढंही पुरतं. तरी मूळ नोंदी पाठवाच: कधी कधी सगळा विखुरलेपणा एका चुकीच्या टायपिंगमुळे असतो, १२.५ च्या जागी १२५. एकाच व्यक्तीची आधीची आणि नंतरची मोजमापं असतील तर वरचं काहीच लागू नाही, तिथे जोडीची टी-चाचणी लागते. म्हणून नोंदी कशा घेतल्या, हे फाइलसोबत एका ओळीत कळवा.