उन्हाने त्वचेचं नेमकं होतं काय? (आमच्या ग्राहकांसाठी)

"मी कधी लाल होत नाही, मग मला सनस्क्रीन कशाला?" हा प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढलं. लाल होणं हे उन्हाचं फक्त दिसणारं नुकसान, बाकीचं बरंचसं आत होत राहतं आणि दिसायला लागतं तेव्हा कित्येक वर्षं उलटलेली असतात.

आपल्यापर्यंत दोन जातीचे अतिनील किरण पोचतात, यूव्हीबी आणि यूव्हीए. (यूव्हीसी पण असतो, पण तो वर ओझोनमध्येच अडकतो, त्याचं टेन्शन नको.) यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरातच मुरतो, पेशींच्या डीएनएची मोडतोड करतो, आणि भाजतो तो मुख्यतः हाच. गंमत म्हणजे भाजल्याचं तेव्हाच्या तेव्हा कळत नाही, लाली यायला काही तास जातात आणि खरा जोर १२ ते २४ तासांनी येतो, म्हणजे "चटका बसला की सावलीत जाऊ" म्हणणाऱ्याला तोवर उशीर झालेला असतो.

यूव्हीए जरा मुका मामला आहे. खाली पोचणाऱ्या अतिनील किरणांत जवळपास ९५ टक्के हाच असतो, साध्या खिडकीच्या काचेतून बऱ्यापैकी आत येतो, आणि खोल जाऊन त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजन आणि इलॅस्टिन हळूहळू खराब करतो. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, माणसाने २८ वर्षं गाडी चालवलेली, आणि चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची, उजवी त्या मानाने कितीतरी बरी. चेहरा एकच, वय एकच, फरक काय तो काचेतून येणाऱ्या उन्हाचा! (आपलं स्टिअरिंग उजवीकडे असेल तर उजवा गाल सांभाळा.)

आता टॅन. डीएनएला धक्का पोचला की त्वचा मेलानिन (तिला रंग देणारं द्रव्य) वाढवते आणि ते पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं जाऊन बसतं, त्यामुळे टॅन म्हणजे "हेल्दी ग्लो" वगैरे काही नाही, नुकसान सुरू झाल्यावर केलेला बचाव आहे तो. सावळ्या त्वचेत ही सोय जन्मतःच जास्त असते, म्हणून भाजणं कमी आणि त्वचेच्या कॅन्सरचा धोकाही कमी, पण शून्य नाही. आणि काळे डाग, वांग, पिंपल गेल्यावर राहणारी खूण हे सगळं सावळ्या त्वचेलाच जास्त छळतं. वांगाचा त्रास असेल तर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांग त्यानेही वाढतो.

ट्यूबवरचा एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन किती बचाव करतं त्याचा आकडा, मुख्यतः यूव्हीबीचा असतो. १५ वालं साधारण ९३ टक्के अडवतं, ३० वालं ९७, ५० वालं ९८. म्हणजे ३० वरून ५० वर उडी मारण्यापेक्षा ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (म्हणजे यूव्हीएपासूनही बचाव) लिहिलंय का ते आधी बघा. आणि हा आकडा लॅबमध्ये दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात, आपण लावतो त्याच्या निम्मंसुद्धा नाही, मग ५० चं ५० कुठून मिळणार! तर्जनी आणि मधलं बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत, घाम आला किंवा पोहलात तर त्याआधीच. कान, ओठ, मानेची मागची बाजू आणि पायांचे पंजे हमखास राहतात.

सनस्क्रीन विकणं हा आमचा धंदाच आहे, तरी सांगतो, रुंद काठाची टोपी, फुल बाह्यांचा घट्ट विणीचा शर्ट आणि भरदुपारची सावली यांची सर कुठल्याच क्रीमला नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर सावली आणि कपडेच, क्रीमचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ढग आले म्हणून निवांत होऊ नका, पातळ ढगांतून बरेचसे किरण आरामात येतात, आणि ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकसारखी काही औषधं चालू असताना एरवी न भाजणारा माणूसही भाजतो, त्यामुळे नवीन गोळी सुरू झाली की डॉक्टरांना उन्हाचं विचारून घ्या. व्हिटॅमिन डी साठी काचेमागे बसून उपयोग नाही, ते बनवणारा यूव्हीबी काच अडवते. आणि एखादा तीळ आकार, रंग किंवा कडा बदलायला लागला, किंवा जखम आठवडेच्या आठवडे भरेना, तर आमच्याकडे क्रीम मागायला येऊ नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने आतलं सनस्क्रीन बिघडतं. पाणी आणि क्रीम वेगळं झालेलं दिसलं किंवा एक्स्पायरी उलटली, तर अर्धी भरलेली असली तरी टाकून द्या.