जुने सेफ्टी रेझर : संग्रह व वापर

दुधारी पाते बसणारे, साधारण १९०४ ते १९७५ या काळात बनलेले धातूचे रेझर या नोंदीत अभिप्रेत आहेत. बोलीत यांना ‘दाढीचे मशीन’ म्हणतात. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत ते मुख्यतः जुन्या घरांच्या फडताळांत, फौजी माणसांच्या ट्रंकांत आणि भंगारच्या दुकानांत पितळेच्या ढिगात सापडतात. संग्रहासाठी घेतलेला रेझर रोज वापरताही येतो, कारण पात्याचे माप फारसे बदललेले नाही. आज किराणा दुकानात मिळणारे दुधारी पाते शंभर वर्षांपूर्वीच्या तीन तुकड्यांच्या जिलेटवरही बसते.

घडण. किंग कॅम्प जिलेट यांना या रेझरचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. पोलादाची पातळ पट्टी कडक करून तिला धार लावण्याचे यंत्रतंत्र विल्यम निकर्सन यांनी बसवले. पहिली घडण तीन तुकड्यांची होती : टोपी, दात्यांची तळपट्टी आणि मूठ. टोपी किंचित कमानदार असल्याने मूठ आवळली की सुमारे ०.१ मिमी जाडीचे पाते वाकते आणि त्या ताणामुळेच थरथरत नाही. सगळी करामत या बाकात आहे. दात्यांऐवजी सरळ कडा असलेला जिलेटचा ‘टेक’ १९३८ च्या सुमारास आला. मुठीचे टोक फिरवले की डोक्यावरची दोन दारे उघडतात, अशा घडणीचा ‘सुपर स्पीड’ १९४७ चा. १ ते ९ आकड्यांनी पात्याची फट कमी-जास्त करता येणारा जाडजूड ‘फॅटबॉय’ १९५८ मध्ये निघाला. अमेरिकी जिलेटवर १९५० च्या दशकापासून अक्षर आणि आकडा कोरलेला असतो. अक्षर वर्षाचे, आकडा तिमाहीचा : ‘ई ४’ म्हणजे १९५९ ची शेवटची तिमाही. इंग्लंडमध्ये बनलेल्या रेझरांवर बऱ्याचदा असा संकेत नसतो, तिथे घडणीवरूनच काळ ठरवावा लागतो.

पारख. नवखा संग्राहक चकाकी बघून घेतो आणि फसतो. मुलामा उडालेला पण सरळ रेझर उत्तम दाढी करतो. आरशासारखा चमकणारा पण एकदा फरशीवर पडलेला रेझर गाल सोलतो. तपासणी सोपी आहे. नवे पाते बसवून रेझर ट्यूबलाइटसमोर धरावा आणि वरून पाहावे. टोपीच्या दोन्ही बाजूंनी पात्याची कड सारखीच डोकावली पाहिजे आणि टोपीला समांतर दिसली पाहिजे. एका बाजूला तिरपी दिसली, तर आधी पाते ढिले करून, आखूड टोकांना धरून नीट बसवावे व पुन्हा आवळावे. तरीही तिरपी राहिली तर तळपट्टी वाकलेली आहे. वाकलेले दाते पक्कडीने सरळ करण्याचा मोह टाळावा, जुने पितळ तिथेच तुटते.

दुसरा दोष मुठीत असतो. जुन्या मुठी पातळ पितळी नळीच्या असून तिला उभी, केसासारखी चीर पडते. घडवताना धातूत राहिलेला ताण आणि अमोनियाचा संसर्ग, विशेषतः दमट हवेत, हे पितळ असे तडकण्याचे नेहमीचे कारण. ब्रिटिश काळात भारतातील छावण्यांत पावसाळ्यात पितळी काडतुसांना अशाच चिरा जात. दोष तबेल्यांतून येणाऱ्या अमोनियाचा होता, पण मोसमावरून ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले आणि तेच रूढ झाले. चीर गेलेली मूठ वापरात ठेवायची तर आतून इपॉक्सी भरतात.

मूठच हरवली असेल तर कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा टर्नर नवी बनवून देऊ शकतो. मात्र आटे सांगताना चूक होते. जुन्या जिलेटचे आटे इंची, १०-३२ मापाचे. आजचे बहुतेक मेट्रिक, एम-५ मापाचे. दोन आट्यांमधले अंतर अनुक्रमे ०.७९४ आणि ०.८ मिमी, म्हणजे जवळजवळ सारखेच, त्यामुळे दोन फेरे आरामात बसतात. पुढे जोर लावला की टोपीच्या खिळ्याचे आटे खाल्ले जातात.

सफाई. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून वीस मिनिटे भिजवावे व जुन्या टूथब्रशने घासावे. पाणी उकळू नये : बेकेलाइटची मूठ तडकते, लाख दिलेला सोनेरी मुलामा ढवळा पडतो. चिंच, लिंबू किंवा पितळेची भांडी घासायची पावडर ही इथली सर्वांत मोठी शत्रू. आजीचा तांब्या तिने लखलखतो, पण रेझरवरचा निकेलचा थर मायक्रोनमध्ये मोजायचा असतो, तो एका घासणीत जातो आणि खालचे पिवळे पितळ उघडे पडते. २००५ आणि २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात बुडालेल्या सामानातल्या, दारे उघडणाऱ्या रेझरांत गाळ घट्ट बसलेला असू शकतो. दारे जोराने फिरवू नयेत. दोन-तीन दिवस रोज साबणपाण्यात बुडवावे, मग मुठीच्या टोकाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. शेवटी दहा मिनिटे सर्जिकल स्पिरिटमध्ये. मूळ चामडी डबी असेल तर रेझर तिच्यात ठेवू नये, चामड्यामुळे पितळ कळकते. डबी वेगळी, रेझर वेगळा.

वापर. गरम पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटे भिजवावी. बोअरच्या जड पाण्यात फेस चटकन विरतो. तिथे साबण दुप्पट घ्यावा किंवा फेसापुरते फिल्टरचे पाणी वापरावे. टोपी गालावर सपाट टेकवून मूठ हळूहळू खाली आणावी आणि पाते केसाला लागताच थांबावे. हा कोन सुमारे ३० अंशांचा असतो. दाब द्यायचा नाही, रेझरच्या डोक्याचे वजन पुरते. प्लास्टिकच्या रेझरची सवय असलेला हात नेमका इथे चुकतो. पहिला हात सुलटा, पुन्हा साबण लावून दुसरा आडवा. उलटा हात मानेवर टाळलेला बरा, कारण तिथे केस वळणाने उगवतात व कातडीत शिरून पुळ्या येतात. आकड्यांच्या रेझरला ३ वर सुरुवात करावी. आकडा बदलण्याआधी मुठीचे टोक किंचित ढिले करावे, नाहीतर आतला तुकडा झिजतो. तुरटी ओल्या गालावर फिरवून अर्ध्या मिनिटाने धुवावी. जिथे जास्त झोंबते तिथे दाब पडला होता असे समजावे.

पाते चार-पाच दाढ्यांनंतर बदलतात. पुसून धार टिकवण्याचा प्रयत्न उलटतो, कापडाने धार दुमडते; नुसते झटकून वाळवावे. वापरलेली पाती झाकण चिकटवलेल्या पत्र्याच्या डब्यात, बारीक फटीतून टाकत जावीत. भरलेला डबा कचऱ्यात न मिसळता घंटागाडीवर वेगळा, सांगून द्यावा.