मेमरी खातंय कोण? बॅकग्राउंड प्रोसेसची पार्श्वभूमी

कॉम्प्युटर नुकताच सुरू केलाय, अजून एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही, आणि टास्क मॅनेजरमध्ये (कोण किती मेमरी घेतंय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) पाहावं तर ८ जीबीपैकी ४ जीबी आधीच गेलेली. खाली प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमची, लांबलचक यादी, त्यातल्या निम्म्या नावांचा अर्थ लागत नाही. अशा वेळी पहिली शंका येते व्हायरसची, दुसरा विचार येतो नवी रॅम टाकण्याचा. दोन्ही बऱ्याचदा चुकीचे ठरतात. ही यादी एवढी का वाढली आणि त्या टक्केवारीचा अर्थ काळाप्रमाणे कसा बदलला, हे समजलं की हात नेमका कुठे घालायचा ते कळतं.

कुणी न सांगता मागे आपलं काम करत राहणारा प्रोग्रॅम, ही कल्पना घरगुती कॉम्प्युटरपेक्षा बरीच जुनी. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत ‘प्रोजेक्ट मॅक’ या संशोधन प्रकल्पावर काम करणारी मंडळी अशा प्रोग्रॅमला ‘डीमन’ म्हणू लागली. भौतिकशास्त्रातला मॅक्सवेलचा काल्पनिक डीमन न थकता रेणू निवडत बसतो, त्याच्यावरून हे नाव घेतल्याचं त्या मंडळींतल्या फर्नांडो कोर्बाटो यांनी पुढे सांगितलं. त्यांचा पहिला डीमन फाइल्सचा टेपवर आपोआप बॅकअप घ्यायचा. हे सगळं चालायचं आयबीएम ७०९४ या मशीनवर, जिथे वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमसाठी ३६ बिटांचे ३२,७६८ शब्द एवढीच मेमरी होती. आजच्या मापात ती १४४ केबी भरते.

त्याच सुमारास, १९६२ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाच्या ॲटलस कॉम्प्युटरने व्हर्च्युअल मेमरी प्रत्यक्षात आणली. मेमरी पुरेना झाली की न लागणारी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) ड्रमवर, म्हणजे तेव्हाच्या डिस्कसारख्या साठ्यावर, हलवायची, लागतील तेव्हा परत आणायची. ही सोय जिथे संपते तिथे त्रास सुरू होतो. पानं आत-बाहेर करण्यातच मशीनचा सगळा वेळ जाऊ लागतो आणि मूळ काम जागच्या जागी राहतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्याची नीट मांडणी केली. माउसचा बाण अडखळतोय, डिस्कचा दिवा विझतच नाही, क्लिक केलेली खिडकी अर्ध्या मिनिटाने उघडते, हा अनुभव ज्याने घेतलाय त्याने थ्रॅशिंगच पाहिलेलं असतं.

घरच्या कॉम्प्युटरची गोष्ट मात्र वेगळ्या टोकाने सुरू झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर एकूण १ एमबीच मोजू शकत होता. त्यातला वरचा ३८४ केबीचा भाग स्क्रीन आणि रॉमसाठी राखीव, म्हणजे प्रोग्रॅमच्या वाट्याला ६४० केबी. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम डॉस, एका वेळी एकच काम करणारी. तरीही लोकांनी वाट काढली: प्रोग्रॅम संपताना आपला एक तुकडा मेमरीत ठेवून जायचा आणि ठरावीक की दाबली की जागा व्हायचा. यांना टीएसआर म्हणत. १९८४ मध्ये आलेल्या साइडकिकने याच युक्तीवर कॅल्क्युलेटर, नोंदवही आणि कॅलेंडर कोणत्याही कामाच्या मध्येच समोर आणून दिलं, आणि ते प्रचंड चाललं. पण प्रत्येक टीएसआर ६४० मधूनच आपला घास घेई. माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, डिस्कचा कॅश असं करत करत मोठ्या प्रोग्रॅमला जागाच उरत नसे. मग ‘मेम’ कमांड देऊन कोण किती केबी धरून बसलंय ते बघायचं, कॉन्फिग-सिस आणि ऑटोएक्झेक-बॅट या फाइल्समधल्या ओळी खालीवर करायच्या आणि पुन्हा सुरू करून पाहायचं. १९९१ च्या डॉस ५ मध्ये डॉसचा स्वतःचा भाग आणि काही ड्रायव्हर ६४० च्या वर सरकवायची सोय आली. या काळात रिकामा प्रत्येक केबी खरोखरच मोलाचा होता. ‘फ्री मेमरी जितकी जास्त तितकं चांगलं’ हा समज तिथून आला, आणि त्या काळापुरता तो बरोबरच होता. परिस्थिती बदलल्यावरही तो टिकून राहिला, हा आजच्या बऱ्याच चुकीच्या उपायांचा उगम आहे.

विंडोज ३.१ च्या काळातच आकडा दिशाभूल करू लागला होता. काही एमबी रॅम रिकामी असूनही ‘आउट ऑफ मेमरी’ असा निरोप यायचा, कारण खिडक्या, बटणं, फाँट यांच्या नोंदी ६४ केबीच्या छोट्या राखीव कप्प्यांत बसत आणि ते कप्पे आधी भरत. लोकांच्या या हतबलतेवर धंदाही झाला. १९९५ मध्ये सॉफ्टरॅम ९५ नावाचं पॅकेट रॅम दुप्पट करण्याचं वचन देऊन लाखोंच्या संख्येने खपलं. तपासणीत ते तसं काहीही करत नसल्याचं उघड झालं आणि प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं. ‘एका क्लिकवर रॅम मोकळी करा’ म्हणणाऱ्या आजच्या टूल्सबद्दल मला जी चीड आहे ती याच कारणाने. त्यातली बरीचशी चालू प्रोसेसची पानं जबरदस्तीने रॅमबाहेर ढकलतात. आकडा झटकन खाली येतो, आणि पुढच्या क्लिकला तीच पानं परत आणावी लागतात.

विंडोज ९५ ने टास्कबारच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी छोट्या आयकॉनची जागा दिली. प्रिंटर, साउंड कार्ड, मेसेंजर, जो तो तिथे येऊन बसला आणि मशीन सुरू होताना आपोआप चालू होऊ लागला. त्या वेळी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर नुसती नावं दिसत, कुणी किती मेमरी घेतली ते दिसत नसे. टास्क मॅनेजर १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये आला, पण बहुतेक घरांत पोहोचला तो २००१ च्या एक्सपीबरोबर. तिथेच लोकांना ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव एकाच यादीत पाच-सहा वेळा दिसलं आणि घाबरगुंडी उडाली. खरं तर ते निव्वळ एक घर होतं. मेमरी वाचावी म्हणून अनेक विंडोज सेवा (मागे चालणारे विंडोजचेच छोटे प्रोग्रॅम) एकाच प्रोसेसमध्ये एकत्र नांदायच्या. तोटा असा की एक सेवा बिघडली तरी बोट सगळ्या घराकडे जायचं. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून ३.५ जीबीहून अधिक रॅम असलेल्या मशीनवर या सेवा बहुतांशी वेगवेगळ्या केल्या गेल्या. त्या नावांची संख्या एकदम वाढली, पण दोषी कोण ते शोधणं सोपं झालं.

विचारसरणीचं खरं वळण आलं २००७ च्या व्हिस्टात. सुपरफेच ही सेवा तुम्ही कोणते प्रोग्रॅम कधी वापरता ते पाहून त्यांचा मजकूर आधीच रॅममध्ये आणून ठेवू लागली. विचार सरळ होता: रॅम रिकामी ठेवून काहीच मिळत नाही, आणि प्रोग्रॅमला जागा लागली तर हा साठा क्षणात सोडता येतो. पण टास्क मॅनेजरमध्ये ‘फ्री’समोर जवळजवळ शून्य दिसायचं आणि डॉसच्या काळापासून घडलेली नजर धसकायची. विंडोज ७ मध्ये ‘अव्हेलेबल’ हा वेगळा आकडा दाखवला गेला, तेव्हा चित्र थोडं साफ झालं. लिनक्सवरही असाच गोंधळ होता. २०१४ मध्ये कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ३.१४ आवृत्तीत उपलब्ध मेमरीचा स्वतंत्र अंदाज दिला जाऊ लागला. ॲपलच्या मॅकने २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीत ‘मेमरी प्रेशर’चा आलेख आणला, आणि मला तो या सगळ्यांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. मेमरी किती भरली हे महत्त्वाचं नसतं, तिच्यावर ताण किती आहे हे महत्त्वाचं असतं. सुपरफेच आज सिसमेन या नावाने दिसते. साध्या हार्ड डिस्कवर ती डिस्क गुंतवून ठेवू शकते, पण रॅमचा आकडा कमी दिसावा एवढ्यासाठी ती बंद करण्यात अर्थ नाही.

पण घराघरांत मेमरी खरोखर जाते ती ब्राउझरमध्ये. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या क्रोमने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवले, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे उभे राहतात. २०१८ च्या सुरुवातीला प्रोसेसरमधल्या स्पेक्टर या त्रुटीची माहिती बाहेर आली, जिच्यामुळे एका साइटला त्याच प्रोसेसमधल्या दुसरीची माहिती वाचता येऊ शकते, आणि त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक साइट स्वतंत्र प्रोसेसमध्ये बंद करायला सुरुवात केली. याची किंमत गूगलनेच सांगितली होती: एकूण मेमरीत १० ते १३ टक्के वाढ. ही मेमरी सुरक्षिततेवर खर्च झालेली आहे, ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. एलेक्ट्रॉनबद्दल मात्र तक्रार आहे. २०१३ मध्ये गिटहबच्या ॲटम एडिटरसाठी सुरू झालेल्या या चौकटीवर आज कितीतरी चॅट आणि नोट्सची ॲप्स उभी आहेत, आणि प्रत्येक ॲप आपल्यासोबत अख्खा क्रोमियम, म्हणजे क्रोमचा मूळ ब्राउझर, घेऊन येतं. अशी तीन ॲप्स स्टार्टअपला लावली की तीन जादा ब्राउझर बॅकग्राउंडला चालू झाले असं समजावं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये पहिली कात्री इथेच लावावी.

हे सगळं वगळूनही एक प्रकार उरतो, आणि खरा बिघाड म्हणावा असा तोच: मेमरी लीक. घेतलेली मेमरी प्रोग्रॅम परत करायला विसरतो आणि आकडा तासागणिक चढत जातो. त्याची ओळख आकाराने पटत नाही, सततच्या वाढीने पटते. म्हणून एकदा पाहून भागत नाही, सकाळ-संध्याकाळ पाहावं लागतं.

माझ्या घरच्या ८ जीबीच्या मशीनवर हे घडलं तेव्हा यादीतल्या सगळ्या प्रोसेसची बेरीज ३ जीबीच्या आसपास होती आणि वापर दिसत होता ७ च्या वर. मधली मेमरी कुणाच्याच नावावर नव्हती. परफॉर्मन्स टॅबच्या तळाशी ‘नॉन-पेज्ड पूल’ ३ जीबीच्या पुढे गेलेला दिसला, एरवी तो काहीशे एमबी असतो. तिथली मेमरी कर्नल आणि ड्रायव्हर वापरतात, म्हणून ती प्रोसेसच्या यादीत येत नाही. मी रोज रात्री मशीन शट डाउन करत होतो, तरी सकाळी आकडा तसाच असायचा, आणि यानेच मला आठवडाभर चकवलं. कारण २०१२ च्या विंडोज ८ पासूनचं फास्ट स्टार्टअप. शट डाउन करताना कर्नल पुसला जात नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो, लीकसकट. रीस्टार्ट केल्यावरच तो कोरा सुरू होतो. रीस्टार्टनंतर पूल एकदम खाली आला आणि दुपारी मोठी फाइल उतरवायला लावताच पुन्हा चढू लागला, तेव्हा संशय नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. पूलमॉन या टूलमध्ये पूलमधली मेमरी कुणी घेतली ते टॅगवरून, म्हणजे छोट्या खुणेवरून, दिसतं; तिथे वाढणारा टॅग त्याचाच निघाला. ड्रायव्हरची नवी आवृत्ती टाकली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूल २१० एमबीवर होता, सकाळी होता तेवढाच.