ड्राय आइसचा खोका हवाबंद करायचा नसतो

पुण्यातल्या प्रयोगशाळांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: ड्राय आइसचा खोका चिकटपट्टीनं जितका घट्ट, तितके नमुने सुरक्षित. हे चूक आहे आणि धोक्याचंही. ड्राय आइस म्हणजे उणे ७८.५ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड. तो वितळत नाही, थेट वायू होतो. वाट मिळाली नाही तर खोका फुटतो. घट्ट बंद हवं ते आतलं: नमुन्याची कुपी, भोवती शोषक कापूस, मग न गळणारा डबा. ड्राय आइस या डब्याबाहेर. थर्माकोलचं झाकण नुसतं बसवा, सांध्यावर पट्टी फिरवू नका. विमानानं जाणार असेल तर खोक्यावर यूएन १८४५ (धोकादायक मालाच्या यादीतला ड्राय आइसचा क्रमांक) आणि ड्राय आइसचं वजन किलोत लिहा. आणि हो, पुण्यातल्या पुण्यात, पाषाणपर्यंतच जायचंय म्हणून काचा लावून, खोका मांडीवर घेऊन गाडीत बसू नका. तोच वायू गाडीत साठतो.