वाईचे घाट आणि सात आळ्यांचा खराटा

वाईत पाहुणा आला की त्याला गणपती घाटावर न्यायचं, ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की देवळामागची भिंत दाखवायची, हे ठरलेलंच. देवळाची ही पाठभिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं ते अगदी नदीलगत. पूर येणारच हे धरून चालणारी माणसं होती ती.

घाटांच्या स्वच्छतेचा विचार करताना मला ही भिंत आठवते, कारण या घाटांची निगा राखण्यात अर्धा वाटा नदीचाच असायचा. पावसाळ्यात ती पायऱ्या खंगाळून काढी. उरलेलं काम आळीचं. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, मधली आळी, गंगापुरी अशा सात आळ्या, आणि प्रत्येकीचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. अफजलखान चालून आला तेव्हा, म्हणजे १६५९ साली, शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. माघापासून एकेका आळीची पाळी येते. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई येऊन बसते, बायका ओटी भरायला येतात. देवी यायची तर पायरी झाडलेलीच हवी. त्यासाठी नोटीस काढावी लागत नाही. शेजारच्या आळीपेक्षा आपला उत्सव फिका पडू नये ही ईर्ष्या पुरते. (ईर्ष्येला उगाच नावं ठेवतात.)

पण उत्सव वर्षातून एकदा. बाकीचे दिवस घाट झाडला जायचा तो आंघोळ, धुणं, पाणी भरणं यांच्या रेट्यात. पायरीवर घाण पडली तर पहाटे अनवाणी उतरणाऱ्यालाच ती नडायची. नळ घरात आला आणि ही अडचण संपली, म्हणजे घाटाकडचं लक्षही संपलं. वरच्या अंगाला धोमचं धरण झालं. पाणी कालव्यांना वळलं, उन्हाळ्यात वाईपाशी पात्र संथ झालं. साचलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की जलपर्णीला आणखी काय हवं?

मग नियम आले. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नकोत असं सांगितलं. हे सगळं योग्यच. मात्र निर्माल्य पिशवीसकट नदीत सोडणारा हात भाविकाचाच असतो, आणि त्याला अडवायचं म्हणजे जुन्या वाईकराच्याही जिवावर येतं.

‘स्वच्छ आणि हिरवं’ ही एका दमात म्हटली जाणारी जोडी घाटावर नीट जुळत नाही, ते आणखी वेगळंच. जलपर्णी हिरवीगारच असते. दगडांच्या सांध्यातून उगवलेला पिंपळही हिरवा. बोटभर असतो तोवर चिमटीत उपटता येतो. दोन पावसाळे गेले की मूळ सांध्यात शिरतं आणि चिरा हलू लागतो. तेव्हा तो काढायला कोणी धजत नाही, पिंपळ तोडू नये म्हणतात ना. एके दिवशी बुंध्याशी हळदकुंकू दिसतं, आणि मग त्याला हात लावायची सोयच उरत नाही.